काळा घोडा कला महोत्सव : शनिवार-रविवारचा आणि मधल्या पाच दिवसांचा

दक्षिण मुंबईतला काळा घोडा कला महोत्सव जानेवारीच्या अखेरीस किंवा फेब्रुवारीच्या पहिल्या पंधरवड्यात भरतो आणि नऊ दिवस चालतो. तो शनिवारी सुरू होऊन पुढच्या आठवड्यातल्या रविवारी संपत असल्यामुळे त्यात दोन शनिवार, दोन रविवार आणि मधले पाच कामाचे दिवस येतात. उपनगरांतून येणाऱ्या बहुसंख्य प्रेक्षकांच्या लेखी मात्र हा सुट्टीच्याच दिवसांचा महोत्सव आहे, कारण नोकरदार माणसाला आणि शाळकरी मुलांना सवड तेव्हाच मिळते. दोन्ही प्रकारच्या दिवशी जाऊन पाहिल्यावर माझे मत असे झाले आहे की, येथे एकाच नावाखाली दोन महोत्सव भरतात. ज्याची छायाचित्रे जिकडेतिकडे दिसतात तो शनिवार-रविवारचा महोत्सव तुलनेने उथळ आहे, आणि ज्याची फारशी चर्चा होत नाही तो सोमवार ते शुक्रवारचा महोत्सव मुंबईत पैसे न मोजता मिळणाऱ्या उत्तम गोष्टींपैकी एक आहे.

पैशांचे आधी सांगितलेले बरे. रस्त्यावर उभारलेल्या कलाकृती म्हणजे मांडणशिल्पे, मैदानावरचे नृत्य-संगीत, नाटके, चित्रपट, साहित्यविषयक चर्चा यांपैकी कशालाही तिकीट काढावे लागत नाही. वारसा फेऱ्या आणि कार्यशाळा यांच्या जागा मोजक्या असल्याने त्यांच्यासाठी आधी नाव नोंदवावे लागते, आणि सभागृहांत जो आधी रांगेत उभा राहील तो आधी आत जातो. काळा घोडा असोसिएशन ही संस्था १९९८ साली स्थापन झाली आणि पुढच्याच वर्षी, १९९९ मध्ये, पहिला महोत्सव भरला. २०२५ साली २५ जानेवारी ते २ फेब्रुवारी या काळात त्याचे पंचविसावे पर्व झाले. प्रत्येक विभागाची आखणी त्या त्या क्षेत्रातली माणसे करतात आणि खर्चाचा भार प्रायोजक उचलतात. त्यामुळे प्रायोजकांच्या पाट्या सगळीकडे दिसतात. त्यांच्यावर नाक मुरडणाऱ्यांनी फुकट पाहायला मिळालेल्या नाटकाचा हिशेबही सोबत मांडावा. शिवाय संस्थेचा मूळ हेतू या परिसरातला वारसा जपण्याचा असल्याने महोत्सवातून उभ्या राहणाऱ्या पैशाला पुढे वाट मिळते. फोर्टातल्या बाजारगेट भागातला बोमनजी होरमसजी वाडिया घड्याळ मनोरा आणि मिंट रोडवरचे रतनसी मुळजी जेठा कारंजे यांची दुरुस्ती याच संस्थेच्या पुढाकाराने झाली. महोत्सवाला येणाऱ्यांपैकी फार थोडे लोक तिथवर जातात, पण या महोत्सवाचे फलित कुठे पाहावे असे कोणी विचारले तर मी आधी त्या कारंज्याकडे बोट दाखवीन.

ज्या घोड्याच्या नावाने हे सगळे चालते, त्याची हकिगत जुन्या मुंबईकरांना पाठ आहे. पुढे इंग्लंडचा राजा झालेला सातवा एडवर्ड युवराज असताना १८७५-७६ मध्ये हिंदुस्थानच्या दौऱ्यावर आला होता. त्याची आठवण म्हणून जोसेफ एडगर बोम या शिल्पकाराने घडविलेला अश्वारूढ पुतळा आल्बर्ट ससून यांनी शहराला भेट दिला आणि १८७९ साली तो येथे उभा राहिला. ब्राँझचा रंग काळा पडल्यामुळे लोकांनी स्वाराला बाजूला सारून घोड्याचेच नाव चौकाला दिले, यात मुंबईचा स्वभाव दिसतो. १९६५ मध्ये पुतळा हलवून भायखळ्याच्या राणीच्या बागेत नेण्यात आला, तरी नाव राहिले ते राहिलेच. २०१७ साली त्या जागेजवळ स्वार नसलेला नवा काळा घोडा बसविण्यात आला. त्याची संकल्पना वास्तुरचनाकार अल्फाझ मिलर यांची आणि शिल्प श्रीहरी भोसले यांचे. एका रविवारी त्याच्यापुढे उभ्या असलेल्या सात-आठ वर्षांच्या मुलीने आजोबांना विचारले, ‘आजोबा, ह्याच्यावर बसणारा कुठे गेला?’ आणि आजोबांनी मोबाइलमधून मान वर न करता उत्तर दिले, ‘राणीच्या बागेत.’ मुलीचे त्यावर पूर्ण समाधान झाले. इतक्या थोडक्यात आणि इतके अचूक माहिती देणारा फलक मला त्या परिसरात आढळलेला नाही.

शनिवार-रविवारच्या महोत्सवाचे केंद्र म्हणजे जहांगीर कलादालनासमोरचा रॅम्पार्ट रो, अर्थात कैखुश्रू दुबाश मार्ग. १८६०च्या दशकात पाडलेल्या किल्ल्याच्या तटाची आठवण या रस्त्याच्या जुन्या नावात उरली आहे. नऊ दिवस तो वाहनांसाठी बंद असतो आणि त्याच्या दोन्ही अंगांना मांडणशिल्पे उभी राहतात. भंगार, बांबू, कापड, प्लास्टिकच्या बाटल्या, जुने संगणक, आरसे अशा कशापासूनही ती तयार होतात, आणि त्यांत निदान एखादा तरी घोडा असतोच. त्यांतली काही खरोखर विचारपूर्वक केलेली असतात. एखादे मांडणशिल्प नीट पाहायचे तर त्याच्याभोवती एक फेरी मारावी लागते, ते कशाचे केले आहे हे जवळून न्याहाळावे लागते, शेजारच्या फलकावरचे चार-पाच ओळींचे टिपण वाचावे लागते आणि मग पुन्हा दोन पावले मागे येऊन ते पाहावे लागते. रविवारी संध्याकाळी सहा वाजता यांतले काहीही शक्य नसते. प्रत्येक कलाकृतीपुढे छायाचित्र काढून घेणाऱ्यांची रांग असते, टिपणाचा फलक त्या रांगेच्या गुडघ्यांआड गेलेला असतो आणि मागून येणारा लोंढा पाहणाऱ्याला आपोआप पुढे सरकवत असतो. दादरच्या पुलावर गाडी लागल्यावर जी गत होते, तीच येथे कलेच्या सान्निध्यात होते.

या गर्दीचा दोष मी लोकांना देणार नाही. ज्या शहरात फुकट बसायला सावली आणि फुकट पाहायला काही चांगले मिळणे दुरापास्त आहे, तेथे असे काही निघाले की माणसे येणारच, आणि बदलापूर-विरारहून दीड-दीड तास उभ्याने प्रवास करून आलेल्या कुटुंबाने आठवणीसाठी चार छायाचित्रे काढली तर त्यात गैर काय? खरा प्रश्न आहे तो कलावंतांवर होणाऱ्या परिणामाचा. आपल्यापुढे कोणी दहा सेकंदांहून जास्त थांबणार नाही हे एकदा कळले की कलाकृतीही दहा सेकंदांसाठी बेतली जाऊ लागते. आत शिरून उभे राहता येईल असे पंख, चौकट, झोका, रंगीत छत्र्यांचे छत हे प्रकार अलीकडच्या वर्षांत वाढलेले दिसतात. त्यांना मांडणशिल्प म्हणायचे की छायाचित्राची पार्श्वभूमी, हे निवडकर्त्यांनी एकदा ठरवायला हवे. ज्या कलाकृतीचा अर्थ तिच्यासमोर पाठ करून उभे राहिल्यावरच पुरा होतो, ती लग्नाच्या हॉलबाहेरही तितकीच शोभली असती.

आता मधल्या पाच दिवसांकडे येतो. मंगळवारी किंवा बुधवारी दुपारी चारच्या सुमारास चर्चगेटहून चालत यावे. ओव्हल मैदानाच्या कडेने विद्यापीठाचा राजाबाई मनोरा पाहत महात्मा गांधी मार्गावर यायला रमतगमत पंधरा मिनिटे लागतात. त्या वेळी रॅम्पार्ट रोवर महाविद्यालयीन मुलामुलींचे घोळके, जवळच्या कचेऱ्यांतून चहाच्या निमित्ताने बाहेर पडलेले कर्मचारी आणि काही ज्येष्ठ नागरिक एवढीच मंडळी असतात. शनिवारी जे मांडणशिल्प गर्दीच्या डोक्यांवरून अर्धेच दिसले होते, त्याच्याभोवती आता सावकाश फिरता येते. पुष्कळदा ते घडविणारी मुले, बहुधा कला किंवा वास्तुरचना महाविद्यालयातली, तेथेच बसलेली सापडतात आणि विचारले तर मनापासून बोलतात. जोडकाम कुठे फसले, कुठला भाग रात्रीतून पुन्हा बसवावा लागला, वजन कसे तोलले हे सगळे ती सांगतात, आणि ते फलकावरच्या टिपणापेक्षा कितीतरी अधिक रंजक असते. रंगलेपाखालून दिसणारी तारेची गाठ किंवा उन्हाने पिवळट पडलेला फेव्हिकॉलचा ओघळ पाहिला की समोरची वस्तू कुणीतरी हातांनी केली आहे हे लक्षात येते.

मधल्या दिवसांतला माझा सर्वांत आवडता भाग म्हणजे डेव्हिड ससून ग्रंथालयाची मागची बाग, जेथे बहुतेक वर्षी साहित्याचे कार्यक्रम होतात. टाकसाळ आणि सरकारी गोदी यांत काम करणाऱ्या कारागिरांनी चालविलेल्या संस्थेतून हे ग्रंथालय उभे राहिले आणि १८७० साली त्याला ही इमारत मिळाली. मालाडच्या पिवळसर दगडात बांधलेली तिची दर्शनी बाजू दुपारच्या तिरप्या उन्हात इतकी खुलते की, शेजारच्या एल्फिन्स्टन महाविद्यालयासह ती नुसती पाहत उभे राहावे. आत पायरीशी डेव्हिड ससून यांचा पूर्णाकृती पुतळा आहे, त्याला वळसा घालून मागे गेले की बाग लागते. पलीकडे बसगाड्या कर्कश भोंगे वाजवत असताना अलीकडे कुणीतरी कविता वाचत असतो आणि दोन्ही आवाज एकमेकांना फारसे अडवत नाहीत. खुर्च्या कमी पडल्या तर लोक हिरवळीवर बसतात. व्यासपीठावरच्या लेखकाला कार्यक्रमानंतर गाठून शंका विचारता येते, आणि मोठमोठ्या साहित्य उत्सवांत जे कडे लेखक व वाचक यांच्यामध्ये उभे असते ते येथे नसते. चर्चांची प्रत मात्र सारखी नसते. नव्या पुस्तकाची भलामण हेच ज्यांचे प्रयोजन आहे असे कार्यक्रमही पत्रिकेत बरेच असतात, ते विषयाच्या ओळीवरून ओळखून वगळावेत.

वारसा फेऱ्या हा दुसरा भरीव भाग. २०१८ साली युनेस्कोने मुंबईतल्या व्हिक्टोरियन गॉथिक आणि आर्ट डेको या शैलींतल्या इमारतींच्या समूहाला जागतिक वारसा यादीत स्थान दिले. त्या समूहाचा मोठा तुकडा या महोत्सवाच्या पायाखालीच आहे. जाणकार माणसाबरोबर तासाभराची फेरी केली तर रोजच्या वाटेवरच्या इमारती बोलू लागतात. डॉ. व्ही. बी. गांधी मार्गावरचे १८८४ चे केनेसेथ एलियाहू सिनेगॉग २०१९ मध्ये जीर्णोद्धार होऊन पुन्हा निळ्या रंगात उभे राहिले आहे. आत रंगीत काचांतून येणारा प्रकाश जमिनीवर पडतो तेथे फेरीतले सगळे आपसूक गप्प होतात. तेथून चार पावलांवर वॉटसन हॉटेलची, म्हणजे आजच्या एस्प्लनेड मॅन्शनची, इमारत आहे. तिच्या लोखंडी सांगाड्याचे सुटे भाग इंग्लंडमध्ये घडवून जहाजाने येथे आणून जोडले होते, आणि ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिएर बंधूंच्या चलच्चित्रांचा हिंदुस्थानातला पहिला खेळ येथेच झाला. आज ती रिकामी आणि जर्जर उभी आहे. सिनेमाची राजधानी म्हणवून घेणाऱ्या शहराने त्या जागेची ही अवस्था होऊ द्यावी, याबद्दल फेरी नेणारा माणूस बहुधा काही बोलत नाही, आणि बोलण्याची गरजही पडत नाही. फेऱ्यांच्या जागा नोंदणी सुरू होताच भरतात, म्हणून कार्यक्रमपत्रिका जाहीर झाली की प्रथम हीच नोंदणी उरकावी. बाकीचे ऐनवेळी ठरविले तरी चालते.

जहांगीर कलादालनाविषयीही थोडे सांगायला हवे. के. के. हेब्बार आणि होमी भाभा यांच्या आग्रहावरून सर कावसजी जहांगीर यांनी १९५२ साली ते उभारून दिले, आणि तेथे वर्षभर कधीही गेले तरी प्रवेशशुल्क नसते. बाहेरच्या पदपथावर चित्रकार आपली चित्रे मांडून बसलेले असतात, तेही बारा महिने. महोत्सवाच्या नऊ दिवसांत या दालनावरून लाखभर माणसे जात असतील, पण दारातून आत वळणारी त्या मानाने फारच थोडी. रस्त्यावरच्या मांडणशिल्पांपुढे ताटकळणाऱ्याने दहा पावले उजवीकडे टाकली असती तर त्याला पंख्याखाली, शांतपणे, कुणा चित्रकाराचे वर्षभराचे काम पाहायला मिळाले असते. आयोजकांनी रस्त्यावर एखादी ठळक पाटी लावून लोकांना आत धाडले तर गर्दी थोडी विरळ होईल आणि दालनालाही नवे प्रेक्षक मिळतील. राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय आणि छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय यांना एरवी तिकीट आहे. तरी तेथे महोत्सवानिमित्त होणारे कार्यक्रम पाहून घ्यावेत, विशेषतः मुले बरोबर असतील तर. मुलांच्या कार्यशाळा हा महोत्सवाचा सर्वांत नेटका चालणारा विभाग आहे, आणि त्यात मातीत हात घालून घरी परतलेल्या मुलांच्या कपड्यांबद्दल पालकांनी तक्रार करू नये.

नृत्य आणि संगीताचे मोठे कार्यक्रम संध्याकाळी होतात. क्रॉस मैदान, हॉर्निमन सर्कलची बाग, काही वर्षी एशियाटिक ग्रंथालयाच्या तीस पायऱ्या अशी स्थळे बदलत आली आहेत. मोकळ्या हवेतल्या ध्वनिक्षेपणाला रात्री दहाची मर्यादा आहे, आणि ती पाळली जात असल्याने शेवटच्या कलावंताच्या वाट्याला पुष्कळदा घाई येते. ख्याल रंगात येत असताना घड्याळाकडे पाहून भैरवीकडे वळणारा गायक पाहणे काही सुखाचे नसते. मोठी नावे साहजिकच शनिवार-रविवारी ठेवली जातात. त्या कार्यक्रमांना मागे उभे राहून पडद्यावर पाहण्याची तयारी असेल तरच जावे. याउलट मधल्या दिवसांत तरुण नर्तक, प्रयोग करू पाहणारे वादक, लोककलांचे संच यांना मंच मिळतो आणि तेथे तिसऱ्या-चौथ्या रांगेत बसता येते. पायातल्या घुंगरांचा आवाज ध्वनिक्षेपकातून न येता थेट फळीवरून कानांवर येतो, एवढ्यासाठी तरी एकदा गुरुवारची संध्याकाळ काढावी. नाटके आणि चित्रपट बंदिस्त सभागृहांत होतात, त्यांच्या जागा थोड्या असतात आणि रांग तासभर आधी लागते. रांगेत उभे राहूनही दार बंद झाल्याचा अनुभव येऊ शकतो, हे मनाशी धरूनच जावे.

मराठी वाचकासाठी एक गोष्ट स्पष्ट लिहिणे मला आवश्यक वाटते. या महोत्सवाची बोली प्रामुख्याने इंग्रजी आहे. पत्रिका, कलाकृतींवरची टिपणे, निवेदन, चर्चा यांत तिचाच वरचष्मा असतो. मराठी नाटके, कवितावाचने, लोककला असतात, पण त्यांचे प्रमाण या शहरातल्या मराठी प्रेक्षकांच्या मानाने तुटपुंजे आहे. हे केवळ अस्मितेपोटी लिहीत नाही. मांडणशिल्पापुढे उभ्या असलेल्या कुटुंबातल्या आजीला फलक वाचता आला असता तर तिने नातवाला चार गोष्टी सांगितल्या असत्या, आणि छायाचित्रापलीकडे काही घडले असते. प्रत्येक टिपणाखाली मराठीत तेवढ्याच ओळी छापायला फार खर्च येणार नाही. याच रॅम्पार्ट रोवरच्या वेसाइड इन या उपाहारगृहात अरुण कोलटकर खिडकीपाशी बसत आणि समोरच्या वाहनतळाच्या बेटावर राहणारी, जेवणारी, केस विंचरणारी माणसे न्याहाळत. त्यांनी ती माणसे आपल्या इंग्रजी कवितेत आणली. मराठीचा एवढा मोठा कवी ज्या रस्त्यावर रमला, त्या रस्त्यावर मराठी वाचन हा एक तुरळक कार्यक्रम न राहता रोजचा शिरस्ता व्हायला हरकत नसावी. कोलटकरांनी पाहिलेल्या त्या पदपथावरच्या माणसांनाही कधी या महोत्सवात बोलावले जावे, ही माझी जुनी इच्छा आहे.

विक्रीच्या दालनांबद्दल फार लिहिण्यासारखे नाही. हस्तकला, कपडे, दागिने, मातीची भांडी, स्वयंसेवी संस्थांनी बनविलेल्या वस्तू असा नेहमीचा पसारा असतो. थेट कारागिराकडून घेता येईल अशी दोन-चार दालने दरवेळी सापडतात, पण दर बेताचे नसतात, आणि विणलेली पिशवी किंवा मातीचा कप पाहिजे असेल तर तो घासाघीस करून अन्यत्र स्वस्त मिळेल. महोत्सव विनामूल्य आहे, बाजार नाही, एवढे मुलांना आधीच सांगून ठेवलेले बरे.

गर्दीवर उपाय काय, असा प्रश्न आला की मला पणजीचा सेरेंडिपिटी कला महोत्सव आठवतो. २०१६ पासून डिसेंबरात भरणाऱ्या त्या महोत्सवालाही प्रवेशशुल्क नाही, पण नावनोंदणी आहे, आणि कार्यक्रम मांडवी नदीच्या काठाने जुन्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयापासून बागांपर्यंत आणि धक्क्यांपर्यंत अशा अनेक जागी विखुरलेले असतात. एका जागी सगळी माणसे कोंबली जात नाहीत आणि या ठिकाणाहून त्या ठिकाणी चालत जाताना शहरही पाहून होते. पणजी आणि मुंबई यांच्या लोकसंख्येची बरोबरी होत नाही, हे मान्य. तरी मांडणशिल्पे एका रस्त्यावर दाटीवाटीने उभी करण्याऐवजी हॉर्निमन सर्कल, बॅलार्ड इस्टेट, बाजारगेट या फोर्टातल्याच मोकळ्या जागांत पसरली, तर रविवारचा ताण कमी होईल आणि संस्थेने स्वतः दुरुस्त केलेली ती कारंजी व मनोरेही लोकांच्या वाटेवर येतील. बॅलार्ड इस्टेट तर रविवारी ओस पडलेले असते.

जाण्यायेण्याच्या बाबतीत परिस्थिती नुकतीच पुष्कळ सुधारली आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये भुयारी मेट्रो ३ कफ परेडपर्यंत सुरू झाल्यापासून हुतात्मा चौक स्थानकात उतरून पाच-सात मिनिटांत काळा घोड्याला पोहोचता येते. आरेपासून संपूर्ण मार्गाचे भाडे ७० रुपये आहे. मध्य आणि हार्बर मार्गावरच्यांनी सीएसएमटीला उतरून चालत यावे, मात्र रविवारी निघण्यापूर्वी मेगाब्लॉकचे वेळापत्रक पाहायला विसरू नये. स्वतःचे वाहन आणण्याचा विचारही करू नये, कारण वाहनतळाची जागा त्या दिवसांत महोत्सवाने व्यापलेली असते. ज्येष्ठांना आणि चाकाच्या खुर्चीवरून येणाऱ्यांना रॅम्पार्ट रोवर दुपारी फिरणे जमते, संध्याकाळी अवघड जाते, आणि ग्रंथालयासारख्या जुन्या इमारतींना पायऱ्या आहेतच. स्वच्छतागृहांची सोय गर्दीच्या मानाने अपुरी असल्यामुळे स्थानकावर किंवा एखाद्या उपाहारगृहात ती गरज आधीच भागवून घेणे शहाणपणाचे.

खाण्यापिण्यासाठी महोत्सवातल्या दालनांवर विसंबू नये. तेथे रांग मोठी, किंमत चढी आणि बसायला जागा नाही. जहांगीरमधले समोवार हे उपाहारगृह २०१५ साली बंद झाले, त्याची उणीव अजूनही भासते. त्याच्या पाठोपाठ रिदम हाउस हे संगीताचे दुकानही गेले आणि संध्याकाळी चाळत उभे राहण्याची एक जागा कमी झाली. निवांत जेवायचे असेल तर १९४६ पासून चालत आलेल्या चेतना उपाहारगृहातली थाळी आहे, आणि खिशाला परवडेल असा खिमा-पाव हवा असेल तर फोर्टात शिरून कॅफे मिलिटरी गाठावे. दोन्ही ठिकाणी मधल्या दिवसांत जागा मिळते. रविवारी मात्र सरळ सीएसएमटीकडे चालू लागावे आणि गाडी पकडण्याआधी समोरच्या ‘आराम’ उपाहारगृहात उभ्याउभ्या वडापाव खाऊन घ्यावा.